पुढे त्या मुलींचे काय होते?

सारखी भांडणे उकरून काढणारा, खोटे बोलणारा, शाळा बुडवणारा मुलगा पुढे काय दिवे लावणार, याबद्दल शाळेत आणि नातेवाइकांत पुष्कळ बोलले जाते. मुलगी तशी वागू लागली की बोलणे लवकर आवरते. ‘लग्न झाले की ताळ्यावर येईल,’ असे कोणीतरी म्हणते आणि विषय तिथेच संपतो. पुढे ती ताळ्यावर आल्यासारखी दिसतेही. पोलिसांत तिचे नाव जात नाही, रस्त्यावरच्या मारामारीत ती सापडत नाही. मात्र तिची शाळा नववीत सुटलेली असते, अठरा-एकोणिसाव्या वर्षी कडेवर मूल असते, नवरा हात उगारतो, अंगावर सतत काही ना काही दुखणे असते आणि मधूनच तिने गोळ्या खाल्ल्याचे कानावर येते. यांतली एक गोष्ट मुख्याध्यापकांना माहीत असते, एक प्रसूतिगृहातल्या नर्सला, एक शेजारणीला, एक सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना. दहाव्या वर्षी वर्गात मुलींचे केस ओढणाऱ्या त्या मुलीशी या गोष्टींची सांगड कोणी घालत नाही.

हे पुस्तक त्या सांगडीविषयी आहे. लहान वयात आणि किशोरवयात ज्या मुलींचे वागणे घरच्यांना आणि शाळेला झेपत नाही, त्यांचे विशीत, तिशीत, पन्नाशीत काय होते, याचा गेल्या सहा दशकांत जगात जो शोध घेतला गेला, त्याची ओळख मराठी वाचकाला करून द्यावी हा या संग्रहाचा हेतू. संपादन करताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवत राहिली. मुलग्यांच्या बाबतीत वाईट परिणाम मोजायला पोलिसांची आणि तुरुंगाची नोंदवही बरीचशी पुरते. मुलींच्या बाबतीत तो परिणाम दहा ठिकाणी विखुरतो: आरोग्यात, लग्नात, बाळंतपणात, पैशाच्या ओढाताणीत, मनाच्या आजारात आणि पुढच्या पिढीत. तो विखुरलेला होता म्हणून तो नाहीच असे समजले गेले. या विषयाचा सगळा इतिहास हा समज हळूहळू मोडत जाण्याचा इतिहास आहे.

वर्तनसमस्या म्हणजे नेमके काय, हे आधी सांगितले पाहिजे, कारण हट्टीपणा, उलट उत्तरे आणि दार आपटणे या गोष्टी वाढीच्या वयात घरोघरी असतात. इथे अभिप्रेत आहे ते टिकून राहणारे, अनेक ठिकाणी दिसणारे आणि इतरांच्या हक्कांना धक्का लावणारे वागणे. अमेरिकी मानसोपचार संघटनेची नियमावली वर्तनविकारासाठी 15 प्रकारची कृत्ये मोजते. मारामारी, क्रूरपणा, चोरी, जाळपोळ, खोटेपणा, घरातून पळून जाणे, तेरा वर्षांआधीपासून शाळा बुडवणे ही त्यांतली काही. वर्षभरात त्यांपैकी किमान तीन दिसावी लागतात. या यादीवर मुलींच्या बाजूने जुना आक्षेप आहे. ती मुलग्यांच्या वागण्यावरून बेतलेली आहे, त्यामुळे आपल्या वयाच्या इतर मुलींच्या तुलनेत फार वेगळे वागणारी मुलगीही तिच्यातून निसटते, असे मार्क झोकोलिलो यांनी 1993 मध्ये मांडले. मुलींसाठी निकष वेगळे असावेत का, हा वाद अजून मिटलेला नाही. मला स्वतःला वेगळी यादी करण्यापेक्षा वेगळ्या नजरेची गरज अधिक वाटते. निकष सैल केले की जास्त मुलींवर शिक्का बसतो, आणि शिक्क्याची किंमत मुलीला मुलग्यापेक्षा जास्त मोजावी लागते.

जुन्या काळी ही नजर फार कठोर होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोंब्रोझो यांनी गुन्हेगार स्त्रीचे मूळ तिच्या शरीरात शोधले. 1923 मध्ये समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. आय. थॉमस यांनी ‘द अनअ‍ॅडजस्टेड गर्ल’ लिहून ते तिच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छांकडे आणि परिस्थितीकडे नेले. ती पुढची पायरी होती, पण लक्ष मुख्यतः तिच्या लैंगिक वागण्यावरच होते. शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्याने 1934 मध्ये सुधारगृहातून गेलेल्या 500 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे त्यांचे गाजलेले काम मात्र मुलग्यांवरचे ठरले. त्यानंतर बराच काळ हेच चित्र राहिले. फिलाडेल्फियात 1945 साली जन्मलेल्या 9,945 जणांचा मार्व्हिन वोल्फगँग यांचा अभ्यास फक्त मुलग्यांचा. दक्षिण लंडनमध्ये 411 जणांना दशकानुदशके भेटत राहिलेला केंब्रिजचा अभ्यास, तोही फक्त मुलग्यांचा. गुन्हेगारी हा विषय, मुली गुन्हे कमी करतात, म्हणून मुली नकोत, असा तो हिशेब होता. अभ्यासाची पद्धत म्हणून त्यात गैर काही नव्हते. पण या अभ्यासांतून जे सिद्धांत निघाले, ते ‘मुले’ असे म्हणून सगळ्यांना लावले गेले.

ली रॉबिन्स यांनी वेगळी वाट घेतली. सेंट लुईस शहरातल्या एका बालमार्गदर्शन केंद्रात 1920 च्या दशकात आणलेल्या 524 मुलामुलींना त्यांनी सुमारे तीस वर्षांनी शोधून काढले आणि 100 सर्वसाधारण मुलांशी त्यांची तुलना केली. 1966 मध्ये त्यांचे ‘डेव्हिअंट चिल्ड्रन ग्रोन अप’ हे पुस्तक आले. त्यांच्या कामातून निघालेला एक निष्कर्ष आजही या क्षेत्राचा पाया आहे: समाजविघातक वागणारी प्रौढ माणसे जवळजवळ नेहमीच लहानपणी तशी होती, पण लहानपणी तशी असलेली बहुतेक मुले पुढे तशी राहत नाहीत. या वाक्याचे दोन्ही अर्धे एकदम लक्षात ठेवणे अवघड जाते. पहिला अर्धा ऐकला की माणसे मुलीवर फुली मारतात, दुसरा ऐकला की तिच्याकडे दुर्लक्ष करतात. पुढे 1986 मध्ये रॉबिन्स यांनी मुलींचा स्वतंत्र विचार केला. लहानपणी वर्तनसमस्या असलेल्या मुलींत मोठेपणी नैराश्य आणि चिंता यांसारखे आत वळणारे त्रास बरेच दिसतात, हे त्यांनी दाखवले. बाहेर फुटणारे आत वळते, ही जाणीव तिथून या क्षेत्रात आली.

पण दवाखान्यात आणलेली मुले म्हणजे सगळी मुले नव्हेत. कोणाला आणायचे हे आईबाप, शिक्षक किंवा न्यायाधीश ठरवतात. खरे चित्र हवे असेल तर एका गावात, एका काळात जन्मलेल्या सगळ्यांनाच धरून ठेवावे लागते, आणि ती चिकाटी फार थोड्यांनी दाखवली. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ड्युनेडिन शहरात एप्रिल 1972 ते मार्च 1973 या काळात जन्मलेली 1,037 मुले फिल सिल्व्हा यांनी तीन वर्षांच्या वयात अभ्यासासाठी निवडली. ती मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत आणि त्यांची तपासणी अजून चालू आहे. दात, फुप्फुसे, रक्त, झोप, पैसे, लग्ने, मुले, सगळे तपासले जाते. सहभागी माणसे परदेशी गेली असली तरी त्यांना विमानाचे भाडे देऊन ड्युनेडिनला आणले जाते. त्याच देशात क्राइस्टचर्चला 1977 मध्ये जन्मलेल्या 1,265 मुलांचा असाच अभ्यास सुरू झाला. एवढ्या लहान देशाने या प्रश्नाचे एवढे उत्तर द्यावे, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

ड्युनेडिनच्या मुलींविषयी अ‍ॅना बार्डोन आणि सहकाऱ्यांनी 1996 आणि 1998 मध्ये जे लिहिले, ते या संग्रहाचा एक आधार आहे. पंधराव्या वर्षी वर्तनविकार असलेल्या मुली एकविसाव्या वर्षी कुठे होत्या? त्या लवकर घर सोडून गेल्या होत्या, एकामागून एक जोडीदारांबरोबर राहिल्या होत्या, जोडीदाराकडून होणारी मारहाण त्यांच्या वाट्याला अधिक आली होती, सरकारी मदतीवर त्या अधिक अवलंबून होत्या. तब्येतीच्या तक्रारी जास्त, तंबाखू, दारू आणि गांजाचे व्यसन जास्त, लैंगिक संसर्ग आणि लवकरची गरोदरपणे जास्त. पंधराव्या वर्षी नैराश्य असलेल्या मुलींचा मार्ग यापेक्षा वेगळा निघाला. त्यांना पुढे प्रामुख्याने नैराश्य आणि चिंतेनेच गाठले. वर्तनसमस्या असलेल्या मुलीवर तुलनेने पसारा मोठा कोसळतो, आयुष्याची एकही बाजू सुटत नाही. कॅथलीन पेयर यांनी 1998 मध्ये त्याआधीच्या 20 अभ्यासांचा आढावा घेतला, त्यातही हेच दिसले. त्यात अकाली मृत्यूंचे वाढलेले प्रमाणही होते. मृत्यू हा शब्द या विषयात कोणाच्या मनात येत नाही, म्हणून तो इथे मुद्दाम लिहितो.

या काळात सिद्धांतांची मोठी लढाईही चालू होती. टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये दोन वाटा मांडल्या. एक लहानपणीच सुरू होऊन आयुष्यभर चालणारी, जिच्या मुळाशी मेंदूच्या विकासातल्या अडचणी आणि विस्कटलेले घर असते. दुसरी किशोरवयापुरती, मोठे दिसण्याच्या घाईतून येणारी आणि बहुधा ओसरणारी. ड्युनेडिनच्या आकड्यांत पहिल्या वाटेवर एका मुलीमागे दहा मुलगे होते, दुसऱ्या वाटेवर हे प्रमाण एकास दीडपर्यंत खाली आले. 2001 च्या ग्रंथात मॉफिट, कॅस्पी, रटर आणि सिल्व्हा यांनी हे सविस्तर मांडले. त्याआधी, 1999 मध्ये, पर्सेफनी सिल्व्हरथॉर्न आणि पॉल फ्रिक यांनी उलट बाजू घेतली होती. त्यांचे म्हणणे असे की मुलींना ही दोन वाटांची विभागणी लागूच पडत नाही. मुलींची समस्या वयात येताना दिसते, पण तिची मुळे लहानपणापासूनची असतात. घर आणि शाळा मुलींना लहानपणी जास्त आवरून धरतात, म्हणून ती उशिरा दिसते. त्यामुळे उशिरा सुरू झाली म्हणजे किरकोळ, असे मुलींबाबत मानू नये.

कँडिस ऑजर्स आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये ड्युनेडिनच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंतच्या माहितीवरून या वादात बरेच काही स्पष्ट केले. वेगळ्या पद्धतीने हिशेब मांडल्यावर लहानपणापासून टिकणाऱ्या वाटेवरच्या मुली तितक्या विरळ राहिल्या नाहीत. त्यांच्या लहानपणीच्या अडचणी, म्हणजे घरातली, सामाजिक आणि मेंदूच्या विकासाशी निगडित, मुलग्यांच्या अडचणींसारख्याच निघाल्या. बत्तिसाव्या वर्षी या स्त्रियांत हिंसा, मनाचे आणि शरीराचे आजार आणि आर्थिक हालाखी, सगळे एकत्र दिसले. किशोरवयात सुरुवात झालेल्याही अडचणीत होत्या, पण कमी. मला यातून एक गोष्ट महत्त्वाची वाटते: लवकर सुरुवात झालेल्या मुलीची कहाणी मुलग्याच्या कहाणीपेक्षा मुळात फारशी निराळी नसते. निराळे असते ते तिच्याकडे पाहणाऱ्यांचे वागणे आणि परिणाम जिथे उमटतो ती जागा.

आक्रमकता म्हणजे हातापायीच असे मानल्यामुळेही मुली नजरेआड राहिल्या. फिनलंडमध्ये किर्स्टी लागरस्पेट्झ आणि काय ब्यॉर्कक्विस्ट यांनी 1980 च्या दशकात आडमार्गाने इजा करण्याचा अभ्यास केला. वाळीत टाकणे, कंड्या पिकवणे, मैत्री तोडण्याची धमकी देणे, हे सगळे त्यात आले. अमेरिकेत निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर यांनी 1995 मध्ये त्याला नात्यांतून केलेली आक्रमकता म्हणून मोजण्याची पद्धत दिली. ही भर आवश्यक होती. पण तिच्यामुळे एक नवा सोपा समज तयार झाला, की मुली मारत नाहीत, टोमणे मारतात. प्रत्यक्षात मारणाऱ्या मुलीही असतात, आणि पुढे सर्वांत जास्त सोसावे लागते ते बहुधा त्यांनाच.

बर्कलीला स्टीफन हिनशॉ यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस 6 ते 12 वर्षांच्या 228 मुलींना उन्हाळी शिबिरांत आणून अभ्यासाला सुरुवात केली. त्यांतल्या 140 जणींत अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता होती. त्या विशीच्या आसपास आल्या तेव्हाचे 2012 मधले निष्कर्ष वाचून मन सुन्न होते. लहानपणी अवधानाची कमतरता आणि आवेग दोन्ही असलेल्या मुलींपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणींनी स्वतःला इजा केली होती आणि 22 टक्के जणींनी आत्महत्येचा प्रयत्न केला होता. तुलनेसाठी घेतलेल्या मुलींत हा दुसरा आकडा 6 टक्के होता. वर्गात जागेवर न बसणारी आठ वर्षांची मुलगी पाहून कोणाच्या मनात असा विचार येतो?

या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा धागा स्वीडनमधून आला. हाकान स्टॅटिन आणि डेव्हिड मॅग्नुसन यांनी ओरेब्रू शहरातल्या मुलींचा अभ्यास केला. ज्यांना पाळी लवकर आली, त्या चौदा-पंधराव्या वर्षी दारू, उशिरापर्यंत बाहेर राहणे, शाळा बुडवणे यांत इतरांपेक्षा पुढे होत्या. याचे कारण शरीर इतकेच नव्हते. शरीर मोठे दिसू लागले म्हणून त्यांना मोठ्या वयाची मित्रमंडळी मिळाली, आणि वागणे त्या मंडळींच्या चालीने बदलले. काही वर्षांतच बाकीच्या मुली त्यांच्या बरोबरीला आल्या आणि वागण्यातला फरक पुसला गेला. पण पंचविशीत पाहिले तर लवकर वयात आलेल्या मुलींचे शिक्षण कमी झालेले होते आणि मुले लवकर झालेली होती. वागणे निवळले, निसटलेली शाळा मात्र परत मिळाली नाही. ‘वय आहे, निघून जाईल’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष वाचावा असे मला फार वाटते. कॅस्पी आणि मॉफिट यांनी 1993 मध्ये ड्युनेडिनमध्ये याला आणखी एक पदर जोडला: लवकर वयात येण्याचा हा परिणाम मुलामुलींच्या एकत्र शाळांत दिसला, फक्त मुलींच्या शाळांत तसा दिसला नाही. यावरून मुलींच्या शाळा वेगळ्या कराव्यात असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. आजूबाजूचे वातावरण बदलले की तेच शरीर वेगळा परिणाम देते, एवढे मात्र त्यातून नक्की कळते.

स्त्रीवादी गुन्हेशास्त्राने या सगळ्याकडे वेगळ्या ठिकाणी उभे राहून पाहिले. मेडा चेस्नी-लिंड यांनी 1970 च्या दशकापासून दाखवले की अमेरिकेतल्या बालन्यायालयांत मुलींना जे ‘गुन्हे’ चिकटवले जात, त्यांतले पुष्कळसे मुलग्याने केले तर कोणी विचारलेही नसते: घरातून पळणे, आईबापांचे न ऐकणे, कोणाबरोबर तरी राहणे. अनेक मुली घरातल्या लैंगिक अत्याचारापासून पळत होत्या. त्यांना पकडून त्याच घरी पाठवले जाई किंवा कोंडले जाई. जीव वाचवण्याच्या धडपडीलाच गुन्हा ठरवले गेले, हा त्यांचा आरोप आजही खरा आहे. 1974 च्या अमेरिकी कायद्याने अशा मुलांना कोंडून ठेवण्यावर बंधने आणली. मानसशास्त्राचे आणि स्त्रीवादी अभ्यासाचे लोक बराच काळ एकमेकांचे वाचत नव्हते. या संग्रहात त्यांना शेजारी बसवले आहे, कारण एका बाजूने मुलीचे वागणे कळते आणि दुसऱ्या बाजूने त्या वागण्याला मिळालेला प्रतिसाद. पुढचे आयुष्य या दोन्हींतून घडते.

परिणाम पिढी ओलांडतो हे माँट्रियलमध्ये दिसले. 1976 पासून शहराच्या फ्रेंचभाषक कामगार वस्त्यांतल्या शाळांमध्ये सुमारे 1,770 मुलांबद्दल त्यांच्या वर्गमित्रांनाच विचारले गेले: कोण भांडते, कोण एकटे असते? लिसा सर्बिन आणि सहकाऱ्यांनी पुढे त्यांतल्या मुलींना आई होताना पाहिले. लहानपणी आक्रमक ठरलेल्या मुली लवकर आई झाल्या, आणि त्यांच्या मुलांना अपघात विभागात अधिक वेळा आणावे लागले. ब्रिटनमध्ये मार्च 1946 च्या एका आठवड्यात जन्मलेल्यांचा अभ्यास तर पन्नाशीपर्यंत पोहोचला. शिक्षकांनी 13 आणि 15 व्या वर्षी ज्यांच्याबद्दल गंभीर तक्रार नोंदवली होती, त्यांची शाळा लवकर सुटली आणि मन, नाती, पैसा या तिन्ही आघाड्यांवरच्या अडचणी चाळीस वर्षे त्यांच्या मागे राहिल्या, असे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले.

हे सगळे वाचून आईबापांनी घाबरून जावे असे मला मुळीच वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. मायकेल रटर आणि डेव्हिड क्विंटन यांनी लंडनच्या बालगृहांत वाढलेल्या मुलींना विशीच्या मध्यावर गाठले तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणी चांगल्या आई होत्या. त्या कशा निभावल्या? ज्यांना शाळेत काहीतरी चांगले मिळाले होते, मग ते अभ्यासातले यश असो, खेळ असो की चांगल्या मैत्रिणी, त्या पुढच्या निर्णयांत थांबून विचार करत होत्या. घराबाहेर पडायचे म्हणून मिळेल त्याच्याशी संसार मांडण्याऐवजी त्या जोडीदार पारखून घेत. साथ देणारा जोडीदार मिळाला की बाकीचे बरेच सावरले जाई. शाळेतल्या एका बऱ्या अनुभवापासून चांगल्या आईपणापर्यंत जाणारी ही साखळी 1988 च्या त्यांच्या पुस्तकात आहे. ओहायोत पेगी जिओर्डानो यांनी 1982 मध्ये राज्याच्या सुधारगृहातल्या 127 मुलींच्या मुलाखती घेतल्या आणि 1995 मध्ये त्या पुन्हा त्यांच्याकडे गेल्या. लग्न किंवा मूल आपोआप कोणाला बदलत नाही, असे या स्त्रियांच्या बोलण्यातून निघाले. आधी बाईला स्वतःला बदलायचे असते, मग समोर आलेली संधी ती धरते. आपल्याकडच्या ‘लग्न झाले की सुधारेल’ या उपायाला याहून थेट उत्तर माझ्या वाचनात नाही.

उपचारांबद्दल थोडक्यात सांगतो. ओरेगनमध्ये पॅट्रिशिया चेंबरलेन आणि लेस्ली लीव्ह यांनी न्यायव्यवस्थेत अडकलेल्या मुलींना संस्थेऐवजी प्रशिक्षित पालक कुटुंबांत ठेवले. दोन वर्षांत त्यांतल्या सुमारे 27 टक्के मुली गरोदर राहिल्या, नेहमीच्या सामूहिक निवासांतल्या सुमारे 47 टक्के. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराला डेव्हिड ओल्ड्स यांच्या प्रयोगात परिचारिका गरोदर स्त्रियांच्या घरी जात आणि बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत जात राहत. ती बाळे एकोणीस वर्षांची झाली तेव्हा त्याचा फायदा मुलींत दिसला, मुलग्यांत नाही. बाल्टिमोरच्या पहिलीच्या वर्गांत चांगल्या वागण्याला बक्षीस देणाऱ्या एका खेळाचा फायदा मात्र मुख्यतः मुलग्यांना झाला. कोणता उपाय कोणाला लागू पडतो हे मुलींना वेगळे मोजल्याशिवाय कळत नाही.

हे अभ्यास न्यूझीलंडचे, ब्रिटनचे, स्वीडनचे, कॅनडाचे, अमेरिकेचे. महाराष्ट्रात ते जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, आणि मला सर्वांत अडवणारी जागा हीच आहे. ड्युनेडिनमध्ये लवकर घर सोडणे आणि लवकर आई होणे हे वाईट परिणामांत मोजले जाते. आपल्याकडे तेच लग्नाच्या मांडवातून होते, म्हणून त्याला कोणी परिणाम म्हणत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. त्यांतल्या किती मुलींचे लग्न ‘हिचे काही खरे नाही’ म्हणून उरकले गेले, हे कोणत्याच रकान्यात येत नाही. पण शिक्षकांना, अंगणवाडी ताईंना, बाल कल्याण समितीत बसणाऱ्यांना अशा मुली डोळ्यांसमोर दिसतात. मुलगी शाळेत उर्मट झाली, मोबाइलवर कोणाशी बोलताना सापडली, एकदा घरातून निघून गेली, की स्थळे बघायला सुरुवात होते. मुलीच्या वागण्यावरचा उपायच तिच्या पुढच्या अडचणींचे कारण ठरतो.

म्हणून हा विषय आता निकडीचा आहे. मुली अधिक काळ शाळेत टिकू लागल्या आहेत, त्यांच्या हातात फोन आहे, आणि घराने त्यांना आवरून धरण्याच्या जुन्या पद्धती अपुऱ्या पडत आहेत. इथेच करता येण्यासारख्या गोष्टीही पुढे आल्या आहेत. मराठवाड्यात पाचोडच्या एका संस्थेने अविवाहित मुलींसाठी संध्याकाळचे जीवनकौशल्य वर्ग चालवले, तेव्हा त्या गावांतले लग्नाचे मध्यक वय काही वर्षांत 16 वरून 17 वर गेले. गोव्यात सुरू झालेल्या संगाथ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या शाळांत केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. शाळेत फक्त याच कामासाठी नेमलेली समुपदेशक असेल तर शाळेचे वातावरण सुधारते आणि दादागिरी व हिंसा घटते, असे त्यात दिसले. तेच काम शिक्षकांवर सोपवले तेव्हा फरक पडला नाही. शिक्षकांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, निवडणुकीची कामे आणि कागदपत्रे सांभाळून हे काम त्यांनी करावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. देशपातळीवर बंगळूरूच्या निम्हान्सच्या पुढाकाराने सी-वेदा हा अभ्यास सात केंद्रांवर हजारो मुलामुलींची आणि तरुणांची माहिती गोळा करत आला आहे. भारतातल्या मुलींचे पुढे काय होते हे भारतातल्याच मुलींवरून सांगता येण्याची वाट त्यातून मोकळी होते.

या संग्रहाने काय करायचे आणि काय नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते. मुली वळणावर आणण्याच्या युक्त्या यात नाहीत. धोक्याच्या खुणांची तपासणी-यादीही मुद्दाम टाळली आहे. अशी यादी शाळेच्या भिंतीवर लागली की तिच्यात बसणाऱ्या मुलीची सुटका नसते, आणि रॉबिन्स यांच्या निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग तिथे कोणी लिहीत नाही. मोठे अभ्यास कसे झाले, कोणत्या मुली त्यांत होत्या, कोणत्या सुटल्या, आकड्यांमागे कोणती आयुष्ये होती, हे सांगण्यावर भर आहे. एखाद्या गोष्टीमागून दुसरी येते म्हणजे पहिलीने दुसरी घडवली असे नाही, हे भान लेखकांनी शक्य तिथे राखले आहे. दारिद्र्य, घरातली मारहाण आणि शाळेचे हाल हे लहानपणच्या वागण्यालाही कारण असतात आणि मोठेपणच्या दुखण्यालाही. संज्ञा मराठीत रुळलेल्या घेतल्या आहेत, आणि जिथे डॉक्टरांचा शब्द घरात समजणार नाही तिथे घरातला शब्द वापरला आहे.

पुस्तक सगळे एका दमात वाचायची गरज नाही. शिक्षकांनी स्वीडनच्या मुलींपासून सुरुवात करावी, न्यायव्यवस्थेत किंवा बालगृहांत काम करणाऱ्यांनी चेस्नी-लिंड यांच्यापासून, डॉक्टरांनी ड्युनेडिनपासून. आईबापांनी आधी लंडनच्या बालगृहांतल्या मुलींविषयी वाचावे, कारण सावरलेल्या मुली कशा सावरल्या हे तिथे सर्वांत तपशिलात आले आहे. आणि ज्या बायका स्वतःच एकेकाळी ‘तसल्या’ मुली होत्या, त्यांनी कुठूनही सुरुवात करावी, समासात आपल्या नोंदी लिहाव्यात आणि जमले तर आम्हाला पाठवाव्यात. पुढच्या आवृत्तीत त्यांच्यासाठी जागा राखून ठेवली आहे.